दिवाळीच्या सुट्टीतली हिमनदी

"पिशवीत काय हाय?"

सकाळचे सव्वासहा झाले होते. आमच्या गावामागच्या टेकडीवर खंडोबाचं देऊळ आहे, दोनशे अकरा पायऱ्यांवर. पाठीवर पिशवी घेऊन मी त्या पायऱ्या तिसऱ्यांदा चढत होते. श्वास तोंडाने चालला होता, केस कपाळाला चिकटले होते, आणि वरून पळत येणारा एक अनोळखी माणूस मध्येच थांबून मला जाब विचारत होता.

"ज्वारी," मी म्हणाले. "आठ किलो."

"देवाला?"

"नाही."

"मग वर कशाला न्यायलाय?"

"परत खाली आणायला."

त्याने एकदा पिशवीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. हसला नाही, पण हसू दाबताना गालाला पडलेली खळी मात्र त्याला दाबता आली नाही. "सावकाश आणा," म्हणाला, "ज्वारी कुठं पळून जात न्हाई." आणि दोन-दोन पायऱ्या ओलांडत खाली निघून गेला. मला राग आला. राग आला की माझा दम वाढतो, हे मला त्या दिवशी कळलं. चौथी फेरी मी सगळ्यात लवकर पूर्ण केली.

मी राजेश्वरी पवार, वय अठ्ठावीस. आटपाडीच्या पुढे, घरापासून बारा किलोमीटरवरच्या एका गावात मी हायस्कूलला भूगोल शिकवते. आमच्याकडे पावसाळ्यात ढग येतात, आशा लावतात आणि पुढे जातात. उन्हाळ्यात टँकर येतो. अशा मुलखात नववीच्या पोरांना हिमनदी शिकवायची म्हणजे... तरी मी शिकवते, आणि बरी शिकवते. वर्गाच्या भिंतीवर मी चीनमधल्या दागू हिमनदीचं मोठं चित्र लावलंय. तिथे रोपवेने थेट चार हजार आठशे साठ मीटरवर जायचं, आणि वर उतरून समोरचा बर्फ बघत चालायचं.

जूनमध्ये संयोगिता नावाच्या मुलीने शेवटच्या बाकावरून विचारलं, "बाई, तुमी बघितलीय व्हय हिमनदी?"

आणि मी म्हणाले, "हो. हीच, चित्रातली."

का म्हणाले, देव जाणे. चाळीस चेहरे माझ्याकडे बघत होते आणि त्यांना नाही म्हणवेना. मग प्रश्नांची सरबत्ती झाली. थंडी किती, चालताना पाय घसरतो का, बर्फाचा आवाज येतो का. वाळलेली बाभूळ मोडावी तसा येतो, असं मी ठोकून दिलं. थाप एकदा मारली की तिला भावंडं होतात. ती टोचायला लागली म्हणून जुलैत मी शाळेत न सांगता पासपोर्टचा अर्ज केला आणि त्या उंचीची तयारी म्हणून पिशवीत ज्वारी भरून टेकडी चढायला लागले. पण संयोगिताने त्या थापेवर निबंध लिहिला. पंधरा ऑगस्टला तो साऱ्या गावासमोर वाचला गेला, आणि आमचे मुख्याध्यापक लालासाहेब सर यांनी माईकवरून जाहीर केलं की दिवाळीच्या सुट्टीनंतर पवार मॅडम आपल्या प्रवासाचे फोटो सगळ्या शाळेला पडद्यावर दाखवतील.

म्हणजे आता दिवाळीच्या सुट्टीत जाऊन येणं भाग होतं. नाहीतर शाळेत तोंड दाखवायला जागा नव्हती.

टेकडीवरच्या त्या प्रसंगानंतर पाच तासांनी आमच्या दारात पोलिसांची मोटरसायकल थांबली. खाकी वर्दी, काखेत फाईल, आणि गालावर तीच खळी. सयाजी निकम, पोलीस शिपाई. पासपोर्टच्या चौकशीचं काम त्याच्याकडे होतं. मला बघून तो क्षणभर अडखळला, मग त्याने कागदावरचा फोटो आणि मी असं दोनदा पडताळून पाहिलं.

दारात पोलीस म्हटल्यावर आईच्या तोंडचं पाणी पळालं. शेजारच्या तीन घरांच्या बायका लगेच पायरीवर आल्या. पण चहा टाकेपर्यंत आई सावरली, आणि त्यानंतर चौकशी नेमकी कोणाची चाललीय तेच कळेना. पाच मिनिटांत आईने काढून घेतलं की निकम सातारा जिल्ह्यातले, कोरेगाव तालुक्यातले. घरचा दोन एकर ऊस. थोरला भाऊ उदयसिंह फौजेत, सध्या लेहला. बहिणीचं लग्न झालेलं, ह्यांचं नाही. अप्पा, माझे वडील, कोपऱ्यात पेपरमागे हसत होते. अप्पांनी तीस वर्षं केरळात गलाईचं, म्हणजे सोनं गाळायचं दुकान चालवलं. चौदाव्या वर्षी मामाचा हात धरून, तिथली भाषा येत नसताना ते गेले होते. त्यामुळे मी परदेशी निघाले म्हटल्यावर त्यांनी एवढंच विचारलं होतं की तिथे भात मिळतो का.

आईचं तसं नव्हतं. परदेशी जायचं कारण निकमांनी विचारलं, मी हिमनदी बघायला म्हणाले, आणि आईने लगेच गाऱ्हाणं मांडलं. "लगीन झाल्यावर नवऱ्यासंगं जा म्हनलं तर ऐकत न्हाई. तुमीच सांगा हिला, सायेब."

हे वाक्य मी जुलैपासून रोज ऐकत होते. मावशीकडून, आत्याकडून, शेजारणींकडूनही. आता पोलिसाकडूनही ऐकायचं म्हणून मी तोंड उघडणारच होते, तोवर तो फाईलमध्ये बघत शांतपणे म्हणाला, "कागदावर तसा रकाना न्हाई, मावशी."

मला वाटतं, तो मला तेव्हाच आवडला. कबूल मात्र मी बरंच उशिरा केलं.

चौकशीला शेजारच्या दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात; त्या दिवशी एकच घरी होता, म्हणून दुसऱ्याची सही घ्यायला तो तीन दिवसांनी परत आला. शेजारचे काका रानात गेले होते. त्यांची वाट बघताना मी माझी वही काढून बसले होते. त्याने विचारलं आणि मी दाखवली. मुंबईहून विमान, मध्ये एक बदल, मग चेंगडू शहर. तिथून डोंगरातलं गाव, आणि दुसऱ्या दिवशी हिमनदी. परदेशी माणसाने तिकीट पासपोर्टवर काढायचं. आपलं नकाशाचं ॲप तिथे चालत नाही, दुसरं घ्यायचं. ढग उतरले तर रोपवे बंद, म्हणून एक दिवस हाताशी राखायचा. शिवाय दुकानात दाखवायला चिनी अक्षरांतल्या चिठ्ठ्या मी तयार ठेवल्या होत्या: मांस नको, गरम पाणी हवं, मला दम लागतोय.

वहीतल्या शेवटच्या पानापर्यंत तो मन लावून वाचत गेला आणि म्हणाला, "सगळं बेस हाय. हितं तेवढं चुकलंय." त्याचं बोट चेंगडूच्या पुढच्या दिवसावर होतं. पाचशे मीटरवरून निघून दुसऱ्या दिवशी पाच हजाराला टेकायचं म्हणजे डोकं फुटायची पाळी. लेहला भावाला पहिले काही दिवस नुसतं पडून राहायला लावलं होतं. टेकडी चढून दम वाढतो, पण उंचीची सवय उंचीवरच होते. मधल्या गावात आणखी दोन दिवस काढा, असं त्याने सांगितलं. ते पटलं. पण दोन दिवस वाढले म्हणजे सुट्टी लागल्या दिवशीच निघायला हवं, आणि त्यासाठी व्हिसा वेळेत हवा, म्हणजे पासपोर्ट त्याच्याही आधी. मी ते त्याला बोटांवर मोजून दाखवलं. तो नुसता मान हलवत होता.

मग का कोण जाणे, मी त्याला थापेचं सगळं सांगून टाकलं. घरात कुणाला माहीत नव्हतं ते एका पोलिसाला. तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. म्हणाला, "पोरं इस्वास ठेवत्यात... म्हणून अवघड हाय." तेवढ्यात काका आले, सही झाली, आणि तो गेला.

तरीही तो पुन्हा आला. एकदा फोटो पुसट आलाय म्हणून. त्या संध्याकाळी आमच्याकडे क्वचित पडतो तसा पाऊस पडला, आणि पाऊस उघडेपर्यंत आम्ही दोघं दाराच्या चौकटीत उभे होतो. अंगणातल्या मातीचा वास घरात येत होता. त्याच्या बाहीवर थेंब होते आणि ते पुसावेत असं माझ्या मनात आलं... मी हात मागे बांधून घेतले. नंतर एकदा तो आला घराचा नंबर नीट लिहायला. त्या दिवशी सकाळी मी वार नसताना केस धुतले होते. आई बघत होती, आणि बोलत नव्हती, जे तिच्या बाबतीत फार क्वचित घडतं.

पहिल्या चौकशीला अकरा दिवस झाले तरी मोबाईलवर माझ्या अर्जापुढे पोलीस अहवाल बाकी असंच दिसत होतं. गौरी-गणपती घरात आले होते. माझं वहीतलं दिवसांचं गणित पुढे सरकत सरकत कडेला आलं होतं. शेवटी शाळा सुटल्यावर मी स्कूटर सरळ ठाण्याकडे वळवली.

तिथले जुने हवालदार चष्मा वर करून म्हणाले की कागद पुरा होऊन आठ दिवस झाले. निकमाकडे आहे. नुसतं पाठवायचं राहिलंय.

सयाजी मागच्या अंगणात लिंबाखाली गाडी पुसत होता. मी विचारलं. त्याला खोटं सांगता आलं असतं. वरून यंत्रणा बंद आहे म्हणाला असता तर मी मुकाट परत गेले असते. पण त्याने फडकं खाली ठेवलं आणि मान वर केली.

"दुसरी सही झाली तवाच काम झालं हुतं," तो म्हणाला. "पाठवलं असतं तर... तुमच्या दारात परत यायला मला कारण न्हवतं."

तो गाडीपासून बाजूला झाला.

"लय चुकलं माझं."

खरं सांगते, पहिल्यांदा मला आनंद झाला. आणि त्या आनंदाचाच मला जास्त संताप आला.

"ते आठ दिवस तुमचे नव्हते, निकम," मी म्हणाले. "मी आवडत असेन तर तसं तोंडाने सांगायचं. माझा कागद अडवायचा नाही. माझ्या वाटेत आजवर पुष्कळजण उभे राहिले, पण ते निदान समोर उभे होते."

तो आत गेला, माझ्यासमोर अहवाल पाठवला, आणि गेल्याची खूण मला दाखवली. मी आभार मानले नाहीत.

चार दिवसांनी अप्पा आटपाडीच्या बाजारातून बातमी घेऊन आले. निकम आपल्या पायाने साहेबांकडे गेला होता आणि झालेलं सगळं सांगून आला होता. पासपोर्टचं काम त्याच्याकडून गेलं होतं, आणि त्याला मिरजेला विसर्जनाच्या बंदोबस्तावर धाडलं होतं. मिरजेची मिरवणूक म्हणजे एक दिवस उगवून मावळून दुसरा उगवला तरी संपत नाही. अप्पा सांगत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते.

मी पायऱ्या चढत राहिले. पण दर फेरीला एकच विचार आडवा यायचा. त्याला कुणी पकडलं नव्हतं. मी तक्रार केली नव्हती. तरी तो जाऊन सांगून आला. आणि मी, चाळीस पोरांची बाई, जूनपासून तोंड शिवून बसले होते. परदेशी जाऊन ती थाप खरी करून आणायची, असा माझा बेत होता. थाप अशी खरी होत नसते. ती सांगावी लागते.

सोमवारी पहिल्या तासाला मी नववीच्या वर्गात सांगून टाकलं की मी हिमनदी पाहिलेली नाही, बर्फ पाहिलेला नाही, आवाज पुस्तकात वाचून रचलेला होता. संयोगिताचे कान लाल झाले होते. निबंध तिचा होता, टाळ्या तिला पडल्या होत्या.

"मग आमी खरं कुणाला इचारायचं, बाई?" ती म्हणाली.

"मला," मी म्हणाले. "पण मी बघून आल्यावर. आणि जे दिसेल तेवढंच सांगेन."

तिने मान फिरवली. पुढचे तीन आठवडे ती माझ्याशी कामापुरतंच बोलली, आणि ते माझ्या पदरात पडायलाच हवं होतं. लालासाहेब सर मात्र मोकळ्या मनाचे. त्यांनी फोटोंचा कार्यक्रम रद्द केला, मला दोन शब्द सुनावले आणि शेवटी समजुतीने म्हणाले की आता तुम्हाला एवढ्या लांब जायची काही गरज उरली नाही. थंडीत आपण महाबळेश्वरला सहल काढू.

गरज उरली नाही, हे खरंच होतं. घरी येताना मी त्यावर विचार करत होते. कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नव्हतं, कुणाला फोटो दाखवायचे नव्हते. आणि तरी मला जायचं होतं. आधीपेक्षा जास्त जायचं होतं. एवढं पाणी एका जागी गोठून, हजारो वर्षं थांबून राहिलेलं मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं. त्या दिवशी मी वहीचं जुनं पान फाडलं आणि नवं लिहायला घेतलं.

पासपोर्ट आला. व्हिसासाठी मी एकटी मुंबईला जाऊन आले. पंधरवड्याने सयाजी टेकडीवर दिसला, साध्या कपड्यांत, बंदोबस्ताने काळवंडलेला. पायरीच्या कडेने जात होता, मला वाट मोकळी ठेवून. मीच थांबले. पासपोर्ट मिळाल्याचं सांगितलं. तो बरं म्हणाला, दोन पायऱ्या उतरला, आणि पाठमोराच थांबला.

"तुमी मला लय आवडता," तो म्हणाला. मग वळला. "हे त्या दिवशी दारातच सांगायला पायजे हुतं. आज सांगतोय. उत्तर न्हाई दिलं तरी चालंल."

सूर्य नुकता वर आला होता आणि त्याच्या डोळ्यांवर ऊन येत होतं, तरी त्याने डोळे मिटले नाहीत. मी म्हणाले की मला आधी जाऊन येऊ द्या. तो म्हणाला, जाऊन या. त्यानंतर आम्ही रोज भेटायचो, म्हणजे तो उतरताना आणि मी चढताना. बोलणं दहा पायऱ्यांपुरतं. मला ते दिवसभर पुरायचं.

सुट्टी लागली त्या संध्याकाळी आटपाडीच्या स्टँडवर मुंबईची गाडी लागली होती. अप्पा सामान वर चढवत होते. आईने चिवडा, चकल्या आणि चटण्यांनी एक पिशवी गच्च भरली होती आणि ती हातातून सोडत नव्हती. चीनमध्ये आपलं काही मिळत नाही असं ती बाजूच्या बाईला सांगत होती. मी खिडकीत जाऊन बसले. दिवाळीची गर्दी, आकाशकंदील हातात सांभाळणारी माणसं, आणि त्या गर्दीतून सयाजी पुढे आला. खिडकीखाली उभा राहिला.

"आल्यावर घरी येऊ का?" त्याने विचारलं. "अप्पांना विचारायला."

"अप्पांना काय विचारायचंय? विचारायचं ते मला विचारा."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. स्टँड माणसांनी भरला होता. हळू बोलायची सोय नव्हती.

"माझ्याशी लगीन कराल?"

माझा हात खिडकीच्या काठावर होता. त्याने तो धरला नाही, फक्त आपला हात शेजारी ठेवला.

"लग्न झाल्यावरही मी कधी कधी एकटी जाईन," मी म्हणाले.

तो विचारात पडला. खरंच विचार करत होता, आणि मला तेच आवडलं. पटकन हो म्हणणारा माणूस पुढे पटकन विसरतो.

"जावा," तो म्हणाला. "मला वंगाळ वाटंल. तरी जावा. कवातरी मलाबी न्या."

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. आई लगबगीने खिडकीशी आली. डोळे भरलेले, आणि ओठांवर तेच वाक्य. "आजूनबी इचार कर गं. लगीन झाल्यावर नवऱ्यासंगं गेली असतीस तर..."

"आई, नवरा ठरला. हा." मी बोट दाखवलं. माझा आवाज मागच्या बाकापर्यंत गेला असावा, कारण मागे कुणीतरी टाळी वाजवली. "हिमनदीला मात्र मी एकटीच चालले."

आईने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि एका हाताने पदर डोक्यावर नीट ओढून घेतला. अप्पा हसत होते. गाडी हलली. चिवड्याची पिशवी आईच्या हातातच राहिली होती. सयाजीने ती तिच्या हातून घेतली आणि गाडीबरोबर पळत येऊन मला खिडकीतून दिली.